आत जाणारी पावलं

२४ सप्टेंबर

पोचले एकदाची मेझकाल्नेला! बसमधून उतरले तेव्हा दोन पिशव्या, ओळंबा, थाप्यांची पेटी आणि पाठीवर वळकटी असा सगळा संसार अंगावर होता, आणि समोर गुंटामावशी. पाऊस भुरभुरत होता तरी बाई छत्री मिटून उभी. का, तर हातातली अ‍ॅस्टरची फुलं जरा भिजली की ताजी दिसतात म्हणे. पाच फुलं होती. मी सवयीने मोजली. जिवंत माणसाला विषम, मेलेल्याला सम, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मावशीने आधी मिठी मारली आणि मग शिव्या घातल्या. हाडांचा सापळा झालीयस मेले, तुझ्याकडे बघून कावळेसुद्धा उपाशी परततील, म्हणाली. मी ज्या अनाथाश्रमात वाढले तिथे ती स्वयंपाकीण होती. सगळ्या पोरांना सातूची लापशी मिळायची, माझ्या एकटीच्या वाटीत तळाशी लोण्याचा गोळा असायचा. निवृत्त होऊन ती गावी परतली, तरी दर हिवाळ्यात मला तिने विणलेले लोकरीचे हातमोजे यायचे. लाल-पांढरी, झाडांच्या रांगेची नक्षी. प्रत्येक बाईची आपली नक्षी असते, ही तिची.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला होता. आमच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चची भिंत ढासळतेय, तू जुन्या चुन्याची कामं करतेस ना, ये. आणि आलीस की आता राहूनच जा, पोरी. त्या शेवटच्या वाक्यावर मी फोन ठेवायच्या आधीच बांधाबांध सुरू केली होती.

राहायला चर्चच्या घंटेकऱ्याचं जुनं घर दिलंय, किल्ल्याच्या पायथ्याशी. भट्टी पेटवलेली, शेजारी बर्चच्या ढलप्या रचलेल्या, टेबलावर काळा पाव आणि शहाजिऱ्याचं चीज. मी आज खूप खूश आहे. इतकी की जरा लाजच वाटतेय.

२५ सप्टेंबर

सकाळी एल्मार्स आला. पूर्वी जंगलखात्यात होता, आता गावाच्या मंडळाचा प्रमुख. मिश्या अशा की आत सूप अडकत असणार. त्याच्याबरोबर सगळे अवशेष पाहिले. किल्ला म्हणजे जर्मन सरदारांच्या वेळचे धोंडे, मध्ये लाल विटांचे थर, अर्धा बुरूज आणि त्यात भरपूर डोमकावळे. चर्चला युद्धापासून छप्पर नाही. वेदीच्या जागी एक बर्च वाढलाय. बाहेर दारापर्यंत पांढऱ्या रेतीची वाट आहे, ती मात्र कुणीतरी रोज दंताळ्याने नीट ओढतं.

भिंती माझ्या अपेक्षेपेक्षा चांगल्या निघाल्या. खराब आहे तो फक्त उत्तरेकडच्या भिंतीतला एक कोनाडा, दारापेक्षा जरा अरुंद. तोंडाशी रचलेले धोंडे सुटलेत. एल्मार्स म्हणाला, बाकी राहू दे, एवढं बंद करून दे.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, की साहेब, चुन्याचं काम मे-जूनमध्ये करतात. आता दोन आठवड्यांत दहिवर पडेल, चुना धरायच्या आत गोठेल, आणि वसंतात सगळं भुगा होऊन तुमच्या पायांवर पडेल. हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? तो मिश्यांतून हसला. परवानगी उशिरा आली, म्हणाला, आणि हा कोनाडा गारठ्यातच धरतो. मी हसले. प्रत्येक गावात एक तरी माणूस मला माझं काम शिकवतोच.

२८ सप्टेंबर

आज रविवार. अख्खं गाव जेवायला. बटाट्याची धिरडी, आंबट साय, लोणच्याचे मशरूम. सगळे मला आमची दायगा म्हणत होते. आमची! पस्तीस वर्षांत मला कुणी आमची म्हटलं नव्हतं. मावशीची नात लीबासुद्धा भेटली, पाचवा महिना आहे, चेहरा फिका. मी तिला हसवायचा बराच प्रयत्न केला, पण ती माझ्याकडे बघेचना.

जेवण झाल्यावर एल्मार्सने उभं राहून जाहीर केलं की दायगाला गावाच्या दफनभूमीत जागा द्यायची, गुंटाच्या कुटुंबाच्या रांगेत, बाकासकट. परगावच्या माणसाला ऐकून कसंसं होईल. पण आमच्याकडे प्रत्येक कबरीवर दंताळ्याने ओढलेली रेती असते, आणि ज्याला दफनभूमीत आपली म्हणून रेती नाही, तो कुठल्याच गावचा नसतो. दर उन्हाळ्यात कबरींच्या सणाला सगळे डबे-फुलं घेऊन आपापल्या माणसांकडे जातात, आणि मी मुद्दाम लांबचं काम काढून त्या दिवशी कुठल्यातरी बुरुजावर चढून बसते. आता मला जागा मिळाली. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मावशी पाठीवरून हात फिरवत राहिली.

२९ सप्टेंबर

आज मिकेलिस, सुगी संपल्याचा सण. आजपासून पितरांचे दिवस. मावशी म्हणाली, चांगला दिवस आहे, तुझी जागा आजच ओढून घेऊ.

नवी पांढरी रेती पसरलेली, कोरी करकरीत. बाकावर माझं नाव. शेजारी मावशीच्या बहिणीची, आरियाची जागा, तिच्यावर मात्र दगड नाही. मावशीने माझ्या हातात दंताळं दिलं. मला कसं ओढायचं तेच माहीत नव्हतं, कुणाच्या कबरीची रेती मी कधी ओढली होती? तिने शिकवलं. कडेवरून आत पाऊल टाक, पुढची रेती ओढत जा, मागे वळून पावलं पुसू नकोस, आणि मधोमध जाऊन थांब. मग एल्मार्सने बाकावरून फळी टाकली आणि माझा हात धरून मला तिच्यावरून बाहेर आणलं. रेतीत माझी पावलं नीट उमटली होती. डाव्या बुटाच्या टाचेला थापी लागून खाच पडलीय, तीसुद्धा दिसत होती. मी विचारलं, पावलं अशीच ठेवायची? मावशी म्हणाली, पहिल्या वेळी ठेवायची, मातीला आपलं माणूस कळायला हवं ना.

आजूबाजूच्या बायका आपापल्या कबरींशी काम थांबवून उभ्या होत्या. लीबा बाकावर बसून रडत होती. दिवस गेलेल्या बायकांना कशानेही रडू येतं.

२ ऑक्टोबर

कोनाड्याचं काम सुरू. तोंडाचे धोंडे काढले. आत वाटलं होतं त्याहून खोल आहे, एक माणूस ताठ उभा राहील एवढं. हवा कोमट. मला वाटलं मागून कुठली तरी जुनी धुराडी जात असेल, पण ओळंबा सोडून, ठोकून पाहिलं, भिंत भरीव आहे.

तळाच्या मातीत एक हातमोजा सापडला. डाव्या हाताचा, लहान, लोकर जुनी झालेली. लाल-पांढरी, झाडांच्या रांगेची नक्षी. मावशीच्या घरी नेऊन तिला दाखवला तर तिने तो हिसकावून घेतला आणि तोंडावर दाबला. मग म्हणाली, आरियाचा आहे, मीच विणला होता, पोरगी धांदरट, कुठेही काहीही टाकायची. आरिया कशाने गेली असं विचारलं, तर मावशीने सूप उतू चाललंय म्हणून उठून माझ्याकडे पाठ केली. सूप उतू जात नव्हतं.

५ ऑक्टोबर

सकाळी धुकं. चर्चपाशी गेले तर वाटेच्या ओढलेल्या रेतीवर पावलं होती. दारातून आत गेलेली. आतल्या मातीतही, थेट कोनाड्यापर्यंत. परत आलेली नव्हती.

डाव्या टाचेला खाच.

माझ्या आधी आज तिथे कुणी गेलं नव्हतं. आणि माझे बूट तर माझ्या पायांत होते. मी बाजूला पाऊल टाकून ठसा जुळवून पाहिला. एल्मार्सला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, पोरी, तू झोपेत चालत असशील, आमच्या गावची बिअर जरा चढतेच. हसला, पण पावलांवरून त्याची नजर हटली नाही, आणि मला त्या नजरेतलं काहीतरी आवडलं नाही. सुटकेचा श्वास टाकावा तसा तो दिसला.

८ ऑक्टोबर

दहिवर पडलं. बादलीतलं पाणी गोठलं. काल मी कोनाड्याच्या कडा चुन्याने भरल्या होत्या. गारठ्यात त्या ठिसूळ व्हायला हव्यात. हात लावला तर दगडासारख्या घट्ट, आणि उबदार. मी चौदा वर्षं हे काम करते. चुना एका दिवसात असा धरत नाही.

आणि कोनाडा बदललाय. मापं मीच घेतली होती, त्यामुळे मला कुणी वेड्यात काढू नये. वरून अरुंद झालाय, खांद्यांपाशी रुंद. मी आत जाऊन उभी राहिले, फक्त पाहायला. खांदे बरोबर बसले. डोक्यावर दोन बोटं जागा. भिंत पाठीला टेकली तेव्हा कुणीतरी हळूच श्वास सोडल्यासारखं झालं. मी अशी बाहेर उडी मारली की गुडघा फुटला.

मावशीने जखम धुतली, फुंकर घातली. लहानपणी घालायची तशीच.

१० ऑक्टोबर

ब्रश आणायला शेजारच्या गावी गेले होते. बस यायला वेळ होता म्हणून तिथल्या दफनभूमीच्या कुंपणाशी टेकले. एक बाई रेती ओढत होती. मधल्या दगडापासून सुरू केलं तिने, आतून बाहेर, उलट्या पावलांनी, आणि स्वतःची पावलं एकेक करून पुसत कुंपणाशी आली. मी विचारलं, तुम्ही उलटं का करता? ती हसायलाच लागली. अगं बाई, तू काय चंद्रावरून आलीस का, म्हणाली, असंच करतात! आपली पावलं पुसत बाहेर यायचं, नाहीतर मातीला वाटतं माणूस आतच राहिलं. माझी आई तर पाऊल राहिलं म्हणून स्टेशनवरून परत धावली होती.

मग तिने विचारलं, तुला कुणी शिकवलं?

बस आली. मी बसमध्ये बसले. मावशीने सत्तर वर्षं आपल्या माणसांची रेती ओढलीय. तिला माहीत नसेल असं होऊ शकतं का? चुकून सांगितलं असेल. म्हातारी झालीय. चुकून.

तेव्हा सगळ्या बायका काम थांबवून बघत होत्या.

११ ऑक्टोबर

विचारलं तिला. बटाटे सोलत होती. मला वाटलं नाकारेल, चिडेल, मला वेडी म्हणेल. मी मनातल्या मनात तेच मागत होते.

तिने सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. भिंतीला कुणीतरी आत लागतं. नेहमीच लागलंय. तिची बहीण आरिया आत गेली त्याला साठ वर्षं झाली, आता तिचा जोर संपला, धोंडे सुटायला लागले. या उन्हाळ्यात रेतीवर लीबाची आत जाणारी पावलं उमटली. लीबाची आणि तिच्या पोटातल्याची. मी काय करायला हवं होतं, असं तिने मलाच विचारलं. परकं माणूस भिंत घेत नाही, दायगा. आपलंच लागतं. म्हणून तुला आपलं केलं.

मी विचारलं, कधीपासून? लापशीत लोणी घालायचीस तेव्हापासून का?

ती रडायला लागली. नाही गं, तेव्हा नाही, शपथ, म्हणाली. तेव्हा तू मला नुसती आवडायचीस. आणि अजूनही. ती माया खरी आहे म्हणून तर भिंतीला चालतंय, खोटी असती तर चाललीच नसती.

मला तिने मारलं असतं तर सोसलं असतं. जगात माझं म्हणून एकच माणूस होतं आणि तिने केसाने गळा कापला, वर म्हणते ही माया आहे. आणि सगळ्यात वाईट हे, की ती खोटं बोलत नव्हती. मला तिचा चेहरा पाठ आहे.

मी दार आपटून निघाले तेव्हा ती मागून ओरडली, स्वेटर घाल, गार आहे बाहेर.

१२ ऑक्टोबर

पहाटेच थांब्यावर जाऊन उभी राहिले. थाप्यांची पेटीसुद्धा घेतली नाही. बस आली. हात केला. चालकाने वेगही कमी केला नाही. मला टाळलं असंही नाही, त्याची नजर माझ्यातून आरपार पलीकडच्या शेतावर गेली.

मग चालत निघाले. रस्त्याच्या कडेची रेती ओली होती. बरंच पुढे जाऊन मागे वळून पाहिलं.

एकही पाऊल नाही. मी उड्या मारल्या. टाच रोवली. काही नाही. कोल्ह्याची पावलं आहेत, पाखरांची आहेत, माझी—

धुक्यातून पुढे करकोच्याच्या घरट्याचा खांब दिसला. तो मेझकाल्नेच्या वेशीवरचाच, सकाळी मागे टाकलेला. मी सरळ रस्त्याने पुढेच चालत होते.

१३ ऑक्टोबर

दंताळं घेऊन माझ्या जागेवर गेले. फळी टाकून मध्ये पोचले आणि तिथून सुरू केलं. आतून बाहेर, उलट्या पावलांनी, त्या बाईसारखं. जन्मात इतक्या काळजीने काम केलं नसेल. कुंपणाशी आले, वर पाहिलं. रेती जशीच्या तशी. आत जाणारी पावलं. दंताळ्याचा ओरखडासुद्धा नाही.

बाकावर माझ्या नावाखाली जन्मसाल होतं. आता रेघ आहे आणि पुढे हे साल. कोरलेल्या खाचेत भुसा अजून ताजा.

१४ ऑक्टोबर

एल्मार्स समोरून आला. मी त्याच्या मिश्या धरून हिसडा द्यायचा ठरवलं होतं. तो थबकला, अंग शहारल्यासारखं केलं, टोपी काढली आणि गेला.

टोपी काढली. जशी कबरीपाशी काढतात.

खूप गार वाटतंय. फक्त त्या भिंतीशी गेलं की ऊब येते. मी जात नाही. अजून तरी—

१६ ऑक्टोबर

आज माझा नामदिन, कॅलेंडरात माझ्या नावाचा दिवस. आमच्याकडे नामदिनाला कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो, आपण फक्त टेबल मांडून ठेवायचं. मी मांडलं. केशराचा गोड पावही भाजला. का भाजला ते विचारू नये. मला वाटलं, आले, माझ्या टेबलाशी बसले, माझ्या हातचं खाल्लं, तर एखाद्याला तरी लाज वाटेल.

आले. सगळे. काळ्या कपड्यांत. प्रत्येकाच्या हातात शेवंती.

मी मोजली. दोन. चार. दोन. सहा.

माझ्या पावाला कुणी हात लावला नाही, तो त्यांना दिसलाच नाही. त्यांनी आपल्याबरोबर वाटाणे आणले होते. मर्तिकाचे. माझ्याच भांड्यांत वाढून घेतले आणि माझ्याविषयी बोलले. कामाला चोख होती. तोंडाने फटकळ होती पण मन चांगलं होतं. एल्मार्स म्हणाला, चुन्यावरून माझ्याशी भांडली होती, आणि सगळे मायेने हसले.

होती. होती. मी टेबलाच्या टोकाशी उभी राहून ओरडत होते की मी आहे.

मावशी रडत होती. खरं रडत होती. तिने सगळ्यांना सांगितलं की आश्रमात मला लपवून लोणी द्यायची, कारण ही पोर मला पहिल्या दिवसापासून माझीच वाटली.

लीबाने एकटीने मान वर केली. तिला मी दिसत होते. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं तिने. पोटावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाली, मुलगी झाली तर दायगा नाव ठेवीन.

मग तिनेही नजर वळवली.

१७ ऑक्टोबर

मी स्वतःहून आले नाही. कशी आले ठाऊक नाही. खांदे बरोबर बसतात. डोक्यावर दोन बोटं—

वही छातीशी धरून लिहितेय. दिसत नाही. ऊब आहे. त्या लापशीसारखी. मला ऊब नको.

समोर धोंडे लागताहेत. एकेक. माझीच थापी. आवाजावरून ओळखते. एल्मार्स चुना फार पातळ लावतोय, असा धरणार नाही, मूर्खा, असा—

धरला.

शेजारी कुणीतरी आहे. लहान हात. डाव्या हातात मोजा नाही. ती काही बोलत नाही, फक्त सरकून जागा करून देते.

बाहेर मावशी. पायरव ओळखते. मावशी, मी हाक मारली. थांबली. ऐकलं तिने. नक्की ऐकलं.

आता दंताळं. ती आतली माती ओढतेय. भिंतीपासून दाराकडे. उलट्या पावलांनी. एकेक पाऊल पुसत. आतून बाहेर. अगदी बरोबर. मला शिकवलं तसं नाही, जसं खरं करतात तसं, म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं नीट—